प्रणाली विकली, पण ती सांभाळणार कोण?

जयसिंगपूर, विशेष प्रतिनिधी - देशातील सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी असलेल्या टीसीएसने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली. त्याचे पडसाद पुणे आणि बंगळूरपुरते मर्यादित राहिले नाहीत. जयसिंगपूरचे डॉ. जे. जे. मगदूम अभियांत्रिकी महाविद्यालय, इचलकरंजीची डीकेटीई, सांगलीचे वालचंद महाविद्यालय अशा संस्थांतून दरवर्षी संगणक अभियंते बाहेर पडतात. पदवी हाती पडली की पुण्याची गाडी धरायची, हा त्यांचा गेल्या पंचवीस वर्षांतील रिवाज आहे. मोठ्या कंपन्यांचे दार अरुंद होऊ लागल्याने आता दुसरा प्रश्न पुढे आला आहे. गावातच दोन-चार जणांची सल्लागार संस्था काढून सॉफ्टवेअर तयार करण्याचा व्यवसाय करता येईल काय? आणि आला तर तो पाच वर्षांनंतरही उभा असेल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्या व्यावसायिकाच्या संगणकज्ञानापेक्षा त्याच्या हिशेबावर आणि त्याने केलेल्या करारावर अधिक अवलंबून आहे.

ग्राहक दाराशी

राजर्षी शाहू महाराजांनी वसविलेले आणि त्यांचे जन्मदाते वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव प्रथमपासूनच बाजारपेठ म्हणून वाढले. सरळ रस्ते, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आणि रेल्वे स्थानक यांमुळे तंबाखू, धान्य आणि शेतमालाचा व्यापार येथे स्थिरावला. सांगली, मिरज आणि इचलकरंजी जवळ आहेत. आसपास साखर कारखाने, यंत्रमाग, दूध संस्था, पतसंस्था, विकास सेवा संस्था, शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांचे दाट जाळे आहे. यांपैकी प्रत्येकाला संगणक प्रणाली लागते, आणि बहुतेकांची गरज पुण्या-मुंबईच्या तयार मालात पूर्णपणे बसत नाही.

हिशेबाची सर्वसाधारण गरज टॅलीसारख्या तयार सॉफ्टवेअरने केव्हाच भागविली आहे. त्या क्षेत्रात स्थानिक व्यावसायिकाने उतरणे म्हणजे भांडवल वाया घालविणे होय. परंतु उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजनकाट्यावरील पावती, तोडणी-वाहतूकदारांची उचल आणि अखेरीस शेतकऱ्याचे बिल ही साखळी, किंवा सूत देऊन कापड विणून घेणाऱ्या व्यापाऱ्याचा आणि मजुरीवर माग चालविणाऱ्याचा परस्परांचा हिशेब, हे विषय त्या व्यवहारात वावरलेल्या माणसालाच नीट उमगतात. 'उचल' म्हणजे काय, ती कोणत्या हंगामात फिटते आणि टोळी पळून गेल्यास ती कोणाच्या नावे टाकायची, हे परप्रांतातील प्रोग्रॅमरला समजावून सांगण्यातच महिना जातो. स्थानिक व्यावसायिकाचे खरे भांडवल हे आहे.

नियम बदलतो, तेव्हा

नवी प्रणाली लिहून दिली की काम संपले, असा समज ग्राहकाचा असतो आणि पुष्कळदा व्यावसायिकाचाही. वस्तुस्थिती उलट आहे. ऊसबिलाचेच उदाहरण घेता येईल. केंद्र सरकार दर हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर, अर्थात एफआरपी, जाहीर करते. २०२४-२५ च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यासाठी ३ रुपये ३२ पैसे वाढीव होते. २०२५-२६ साठी हेच आकडे ३५५ रुपये आणि ३ रुपये ४६ पैसे असे झाले. उतारा साडेअकरा टक्के धरला, तर तोडणी-वाहतूक खर्च वजा करण्यापूर्वीचा दर पहिल्या हंगामात टनाला ३,८१५ रुपये आणि दुसऱ्या हंगामात ३,९८२ रुपये ५० पैसे येतो.

आकडे बदलणे सोपे आहे. पण नियमही बदलतात. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्यास मुभा दिली आणि अंतिम दर चालू हंगामाच्या उताऱ्यावर ठरविण्याची पद्धत आणली. या निर्णयाला माजी खासदार राजू शेट्टी यांनी न्यायालयात आव्हान दिले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. जयसिंगपूर हे शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या ऊस परिषदेचे गाव. येथील मैदानावर ज्या मागणीच्या घोषणा होतात, तिचा निकाल पुढे कारखान्याच्या संगणक कक्षात जाऊन पोहोचतो. दराचे सूत्र ज्यांनी प्रोग्रॅमच्या पोटात पक्के लिहून ठेवले असेल, त्यांना अशा प्रत्येक निर्णयानंतर प्रणाली उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. ज्यांनी दर, उताऱ्याचा आधार आणि हप्त्यांची रीत हंगामवार व तारीखवार तक्त्यात वेगळी ठेवली असेल, त्यांचे काम तक्त्यात एक ओळ वाढवून भागते. जुन्या हंगामाचे बिल पुन्हा काढले तरी जुन्याच नियमाने निघते. कारागिरीतील हा फरक विक्रीच्या दिवशी दिसत नाही, तिसऱ्या वर्षी दिसतो.

वस्तू व सेवा कराचीही तीच कथा आहे. १ जुलै २०१७ रोजी हा कर लागू झाला. ई-बीजकाची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने खाली येत ऑगस्ट २०२३ मध्ये पाच कोटींपर्यंत पोहोचली. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराच्या टप्प्यांची मोठी फेररचना झाली. नोंदीत केलेल्या प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणारे हिशेब सॉफ्टवेअर कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. सभासदांचे आधार क्रमांक आणि बँक खाती बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या प्रणालीला हे लागू पडते. यांतील एकही बदल ग्राहकाने मागितलेला नव्हता. तरीही प्रत्येक बदलासाठी त्याचा दूरध्वनी प्रणाली लिहिणाऱ्यालाच येतो.

येथेच व्यवसायाची खरी मेख आहे. 'एकदाच पैसे भरा, कायमची सेवा मोफत' अशा बोलीवर प्रणाली विकणारा व्यावसायिक पहिल्या वर्षी खुशीत असतो. ग्राहक वाढतात तसे मोफत काम वाढते आणि एक वेळ अशी येते, की नव्या विक्रीचा पैसा जुन्या ग्राहकांची सेवा करण्यात संपतो. नवी विक्री थांबताच दुकान बंद होते आणि ग्राहकाची माहिती निराधार प्रणालीत अडकून पडते. देखभालीचा वार्षिक आकार पहिल्याच दिवशी ठरविणे हे म्हणूनच दोघांच्याही हिताचे आहे. त्या आकारात काय येते आणि काय येत नाही, हेही स्पष्ट हवे. दोष दुरुस्ती आणि दरबदल त्यात यावेत. नवे अहवाल व नव्या कायद्यांमुळे उद्भवणारे मोठे फेरफार यांचा मोबदला वेगळा असावा.

तासाचा खरा भाव

छोट्या गावातील व्यावसायिक दर कमी लावतो, याचे कारण तो स्वस्त राहतो एवढेच नाही. त्याचा हिशेबच अपुरा असतो. समजा, तीन प्रोग्रॅमर आहेत आणि प्रत्येकाला महिना ३५ हजार रुपये पगार आहे. २२ दिवस, रोज आठ तास, म्हणजे १७६ तास. पगाराला तासांनी भागले की तासाचा खर्च सुमारे २०० रुपये येतो. त्यावर थोडा नफा चढवून २५० रुपयांचा दर सांगितला जातो.

आता पूर्ण हिशेब मांडू. तिघांचे पगार १ लाख ५ हजार, मालकाची स्वतःची मेहनत ६० हजार, जागा, वीज, इंटरनेट, संगणकांची झीज, प्रवास आणि सनदी लेखापालाचे शुल्क मिळून ३५ हजार. एकूण दोन लाख. तिघांचे मिळून ५२८ तास होत असले तरी सुट्या, शिकणे, चुका दुरुस्त करणे, ग्राहकाशी बोलणे यांत बराच वेळ जातो. ज्याचे बिल करता येते असा वेळ साठ टक्के धरला आणि मालकाचे स्वतःचे काही तास त्यात मिळविले, तर महिन्याला जेमतेम ३५० तास हाती लागतात. म्हणजे तासाचा मूळ खर्च ५७० रुपयांच्या पुढे गेला. पडत्या काळासाठी दरमहा ४० हजार बाजूला टाकायचे ठरविले, तर दर ६८५ रुपयांच्या आसपास हवा. अडीचशे रुपयांत काम घेणारा प्रत्येक तासाला तोटा सोसत असतो. मालक स्वतः पगार घेत नाही, म्हणून तो तोटा दिसत नाही, इतकेच.

त्यात वसुलीची भर पडते. पाच लाखांच्या बिलावर अठरा टक्क्यांप्रमाणे ९० हजार रुपये कर होतो. नोंदणीकृत व्यावसायिकाला तो बिलाच्या तारखेनुसार पुढील महिन्यात सरकारजमा करावा लागतो; ग्राहकाने पैसे दिले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. ग्राहकाने सहा महिने थकविले, तर व्यावसायिकाने आपल्या खिशातून त्याचा कर भरलेला असतो. नफ्यात दिसणारी संस्था रोख रकमेअभावी बुडते ती अशी. हंगामावर चालणाऱ्या येथील अर्थकारणात हे विशेषच जाणवते. साखर विकली जाईपर्यंत कारखान्याचा हात आखडलेला असतो आणि देणेकऱ्यांच्या रांगेत संगणकवाला शेवटचा असतो.

यावर कायद्याने काही आधार दिला आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकती करावीत, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, अशी तरतूद २००६ च्या कायद्यातच होती. १ एप्रिल २०२४ पासून त्याला प्राप्तिकराची जोड मिळाली. मुदतीत न दिलेल्या रकमेची खर्च म्हणून वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. तथापि, हा आधार घेण्यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी, आणि ग्राहकाला वजावटीचे अप्रूप नसेल तर या तरतुदीचा धाकही कमी. शिवाय चार गावांत नाव असलेल्या संस्थेविरुद्ध दाद मागण्यास व्यावसायिक कचरतो. त्यामुळे खरा उपाय करारातच आहे. काम तीन-चार टप्प्यांत विभागावे, काही रक्कम आगाऊ घ्यावी, प्रत्येक टप्पा पूर्ण झाला की बिल करावे आणि पैसे आल्यावरच पुढील टप्पा सुरू करावा.

कागदावर काय हवे

कराराचा दुसरा अंग मालकीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम 'साहित्यकृती' गणला जातो. नोकराने नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रॅमची मालकी सामान्यतः मालकाकडे जाते. पण बाहेरच्या सल्लागाराकडून लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमचे तसे नाही. लेखी हस्तांतरण नसेल, तर पैसे मोजूनही ग्राहक मालक होत नाही. हस्तांतरणात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. ही गोष्ट संस्थांच्या संचालक मंडळांना क्वचितच ठाऊक असते. व्यावसायिकाने आपले सर्वसाधारण भाग स्वतःकडे राखावेत आणि ग्राहकासाठी खास लिहिलेल्या भागाचा हक्क त्याला द्यावा, ही वाटणी दोघांनाही मानवते.

मालकीपेक्षाही निकडीची बाब म्हणजे माहिती. प्रणाली कोणाचीही असो, सभासदांच्या नोंदी संस्थेच्या आहेत. त्या मागता क्षणी, वाचता येईल अशा स्वरूपात मिळाल्या पाहिजेत. या भागातील जुन्या प्रणालींत मराठी नावे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठविलेली आढळतात. पडद्यावर 'पाटील' दिसते. आत मात्र निरर्थक रोमन चिन्हे असतात. फॉन्ट नसला की नावही नाही, शोध नाही, अकारविल्हे यादीही नाही. अशी माहिती युनिकोडमध्ये आणणे हे नवी प्रणाली लिहिण्याइतकेच कष्टाचे काम आहे. अनुभवी व्यावसायिक त्याचा वेगळा आकार सांगतो. नवखा ते 'किरकोळ' समजून फुकटात कबूल करतो आणि फसतो.

महापुराने या तालुक्याला आणखी एक धडा दिला आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. माहितीची प्रत त्याच इमारतीतील त्याच कपाटात ठेवणे म्हणजे प्रत नसल्यासारखेच. रोजची प्रत गावाबाहेर जाते काय, आणि त्या प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी करून पाहिली आहे काय, हे दोन प्रश्न प्रत्येक संस्थेने विचारले पाहिजेत. दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी व ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा संगणकीय हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० छोट्या बँकांचे डिजिटल व्यवहार काही काळ अडले होते. मोठा पुरवठादार निवडला म्हणजे निश्चिंत झालो, असे नव्हे.

सरकारी प्रणाली आणि लिहिणारे यंत्र

स्थानिक व्यावसायिकांपुढे दोन नवी आव्हाने आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. देशभर एकच सामायिक प्रणाली हे तिचे सूत्र आणि अंमलबजावणीची धुरा नाबार्डकडे. विकास सेवा संस्थांचे हिशेब लिहून देण्यावर ज्यांचा संसार होता, त्यांची ती पेठ यामुळे आक्रसते. सभासदांच्या दृष्टीने एकसारखे आणि तपासता येणारे हिशेब ही चांगली गोष्ट आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र एकाच प्रकारच्या ग्राहकावर विसंबण्याचा धोका यातून स्पष्ट होतो. निम्म्याहून अधिक उत्पन्न एका ग्राहकाकडून किंवा एका प्रकारच्या संस्थांकडून येत असेल, तर तो व्यवसाय दुसऱ्याच्या निर्णयावर चालतो.

दुसरे आव्हान कृत्रिम बुद्धिमत्तेचे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यानंतर प्रोग्रॅम लिहिणारी साधने झपाट्याने सुधारली. चार दिवसांचा नोंदणी फॉर्म आता तासाभरात तयार होतो. तासांवर बिल करणाऱ्याचे उत्पन्न त्यामुळे घटते, आणि ग्राहकही 'हे तर यंत्र करते' असे ऐकवू लागतो. परंतु शेतकऱ्याच्या बिलात पैशाची पूर्णांकात फेड कोणत्या टप्प्यावर करायची, काट्यावरील वजन हाताने बदलण्याची मुभा कोणाला, आणि बदलल्यास त्याची नोंद कोठे, हे यंत्र ठरवू शकत नाही. काटामारीच्या संशयाने ज्या भागात आंदोलने झाली, तेथे हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम तपासणे, जुन्या हंगामाच्या खऱ्या बिलांशी नवी बिले ताडून पाहणे आणि चूक निघाल्यास उत्तरदायी राहणे, या कामाची किंमत उलट वाढणार आहे. ज्याने आपला मोबदला तासांऐवजी टप्प्यांवर आणि वार्षिक देखभालीवर बेतला आहे, त्याला हेच यंत्र नफ्याचे ठरेल.

मनुष्यबळाची अडचण मात्र कायम आहे. दोन वर्षे शिकलेला मुलगा पुण्याला जातो आणि त्याच्याबरोबर प्रणालीचे अर्धे ज्ञानही जाते. त्याला अडवून धरता येणार नाही. पण त्याने काय व का बदलले, याची नोंद मागे राहील अशी शिस्त लावता येते. २००५ पासून उपलब्ध असलेले 'गिट' हे साधन विनामूल्य आहे. तरीही प्रोग्रॅमची एकच प्रत पेनड्राइव्हवर घेऊन हिंडणाऱ्या संस्था आजही आहेत. ग्राहकाने प्रणाली घेण्यापूर्वी दोन-तीन साध्या चौकशा केल्या, तरी अशा संस्था ओळखू येतात.

तेनकासीचा दाखला

ग्रामीण भागातील सॉफ्टवेअर उद्योगाचा विषय निघाला, की झोहो कंपनीने २०११ मध्ये तमिळनाडूतील तेनकासी येथे काढलेल्या कार्यालयाचे उदाहरण दिले जाते. ते प्रेरक आहे. पण अर्धेच सांगितले जाते. १९९६ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी तेनकासीला गेली तेव्हा तिची स्वतःची उत्पादने परदेशांत विकली जात होती. गावात कार्यालय काढून तिला ग्राहक मिळाले नाहीत. ग्राहक असल्याने तिला गावात जाता आले. जयसिंगपूरच्या तरुणांनी घ्यायचा धडा हा आहे. आधी एका व्यवहारात इतके मुरावे, की सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडील बेळगाव जिल्ह्यातील त्याच व्यवहाराचे लोक शोधत येतील. एका कारखान्यासाठी केलेले काम पाच कारखान्यांना देता आले, तरच पगारापलीकडे काही उरते.

या मार्गाने हजारो नोकऱ्या निर्माण होणार नाहीत, हे स्पष्ट असावे. तालुक्यात अशा दहा-वीस संस्था टिकल्या, तरी बेरोजगारीचा प्रश्न सुटणार नाही. मात्र ज्या संस्थांच्या संगणकांत शेतकऱ्यांची बिले आणि ठेवीदारांची पुंजी नोंदलेली आहे, त्यांना हाकेच्या अंतरावर जबाबदार माणूस मिळेल. त्यासाठी संचालक मंडळांनाही सवय बदलावी लागेल. वजनकाट्याच्या देखभालीचा करार करताना कोणी घासाघीस करीत नाही, कारण काटा बंद पडला तर वाहनांची रांग लागते, हे सर्वांना दिसते. प्रणाली बंद पडली तरी रांग लागतेच. ती बिलाच्या खिडकीपुढे असते. पुढील गळीत हंगामाचे अंदाजपत्रक मांडताना देखभालीचा खर्च 'इतर' या सदराखाली न टाकता स्वतंत्र दाखविला, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.